सोळाशे मीटर आणि स्नॅच: एका लिफ्टरची भरतीची तयारी

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातलं एक गाव. मुलगा २२ वर्षांचा, ७३ किलो वजनगटात खेळणारा वेटलिफ्टर. नाव आणि गाव इथे देत नाही. बाकी तपशील जसे घडले तसे आहेत. तालुक्याच्या जिममध्ये सहा वर्षं तो एकाच सरांकडे शिकत होता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. ती स्पर्धा या जिमच्या पोरांनी एकत्र बसून मोबाइलवर पाहिली होती. पदकाचं स्वप्न होतंच, पण घरचा आग्रह नोकरीचा होता आणि तो रास्तच होता.

डिसेंबर २०२३ मध्ये त्याची उचल अशी होती: स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) १०५ किलो, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३०, बॅक स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बैठक) १६५. पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी कुणकुण होती. ती मार्च २०२४ मध्ये आली, १७,४७१ पदांची. शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. या ५० पैकी निम्मे मिळाले की मग पुढची लेखीची निवड.

गोळ्याची त्याला चिंता नव्हती. ७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला की पूर्ण गुण मिळतात. हा पहिल्याच दिवशी नऊच्या पुढे टाकत होता. शंभर मीटर साडेबाराच्या आत. उरलं सोळाशे. तिथे ५ मिनिटं १० सेकंदांत आलात तर २० गुण, आणि त्यानंतर साधारण दर वीस सेकंदांना दोन गुण कमी.

गावातल्या भरती अकॅडमीत त्याने पहिल्यांदा सोळाशे दिलं, वेळ लागला ७ मिनिटं ५ सेकंद.

खेळाडू आरक्षणाचा रस्ता त्या वर्षी बंद होता. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी आधी झालेली लागते, ती याची झालेली नव्हती. म्हणजे सोळाशेत बाकीच्या पोरांइतकंच पळावं लागणार होतं, तेही वेटलिफ्टरचे पाय घेऊन.

अडचण

अकॅडमी चालवणारे निवृत्त सुभेदार. शिस्तीचे, पोरांवर जीव असलेले, आणि पळण्याबाबत ठाम. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर, सगळी बॅच एकत्र, मागे पडेल त्याला शिट्टी. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी रिपिटेशन, म्हणजे ठरावीक अंतर पुन्हापुन्हा वेगाने पळणं. ‘रोज पळल्याशिवाय दम येत नाही’ हे त्यांचं वाक्य, आणि त्यांच्या हातून भरती झालेली पोरं मोजली तर ते वाक्य सहज उडवून लावता येत नाही.

मुलाने अकॅडमी पूर्ण धरली आणि जिमही सोडली नाही. रिपिटेशन संपवून तो तसाच, घामेजलेल्या कपड्यांत, जिमला यायचा. चौथ्या आठवड्यात ९५ किलोची स्नॅच तीनदा पडली. वजन साडेचौऱ्याहत्तरवरून बहात्तरच्या खाली आलं. नडगीच्या आतल्या बाजूला दाबलं की दुखायचं. सरांनी मला बोलावलं ते या वेळी. खेळाडूंच्या व्यायामाचं वेळापत्रक आखणं हे माझं काम, आणि या जिममध्ये माझं येणं-जाणं आधीपासून होतं.

सरांचं निदान तयार होतं: ‘पळाला की उचल गेली. रिपिटेशनने पोराच्या मांड्या खाल्ल्या.’

मी एकच गोष्ट करून पाहायला सांगितली. एक दिवस पूर्ण विश्रांती घेऊन त्याने स्क्वॉटचा मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येणारं जास्तीत जास्त वजन, काढावा. १६० गेला, आणि त्यात बळजबरी दिसली नाही. मॅक्समध्ये घट पाच किलो, स्नॅचमध्ये मात्र दहाहून जास्त. ताकद गेली असती तर दोन्ही सारख्या प्रमाणात उतरले असते.

मग बाजूने काढलेले व्हिडिओ पाहिले. बार गुडघ्यापर्यंत ठीक यायचा. तिथून पुढे, जिथे मांडीला लागून एका झटक्यात उडी घ्यायची असते, तिथे तो लवकर चवड्यांवर जायचा. पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग थकलेला असल्यामुळे टाच जमिनीवर टिकत नव्हती. टाच सुटली की बार शरीरापासून लांब पुढे जातो आणि तो पकडायला लिफ्टरला पुढे उडी मारावी लागते. डिसेंबरच्या व्हिडिओत त्याचे पाय जिथल्या तिथे पडत होते, जानेवारीत वीतभर पुढे. म्हणजे कमी पडत होता तो वेग, आणि वेग कमी पडत होता थकव्यामुळे.

हे नवं नाही. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १० आठवडे एका गटाला फक्त ताकदीचा, दुसऱ्याला फक्त दमाचा आणि तिसऱ्याला दोन्ही व्यायाम दिले. दोन्ही करणाऱ्यांची ताकद आधी फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसारखीच वाढली आणि शेवटच्या काही आठवड्यांत थांबून खाली आली. त्यानंतर झालेल्या पुष्कळ अभ्यासांचा सूर थोडा मवाळ आहे: साधी ताकद आणि स्नायूंचा आकार फारसा बिघडत नाही, फटका बसतो तो झटक्याच्या ताकदीला, आणि दोन्ही व्यायाम एकाच सत्रात लागोपाठ केले तर जास्त. स्नॅच म्हणजे निव्वळ झटकाच. त्यामुळे जिथे झटक्याशिवाय, संथ ताकदीने उचलणाऱ्या पॉवरलिफ्टरला दोन महिने काही जाणवणार नाही, तिथे वेटलिफ्टरला चौथ्या आठवड्यात कळतं.

आता पळण्याची बाजू. सात मिनिटं पाच सेकंद हा आकडा एकटा काही सांगत नाही, फेऱ्या सांगतात. त्या सुभेदारांच्या वहीत होत्या: पहिली ८२ सेकंद, दुसरी १०४, तिसरी ११८, चौथी १२१. चारशे मीटरची एकच फेरी त्याला जीव तोडून ६५ च्या आसपास पळता यायची. या मुलाला वेग शिकवायची गरजच नव्हती. वेग भरपूर होता, तो पहिल्या फेरीत उधळून टाकत होता, आणि तो वेग टिकवणारा दम नव्हता. सोळाशेत लागणारी बहुतेक ऊर्जा श्वासातल्या प्राणवायूवर तयार होते. ती यंत्रणा सहा वर्षं एक ते तीन उचलींचे सेट मारणाऱ्या मुलाकडे येणार कुठून?

समोरचे पर्याय

जिमच्या ऑफिसात चौघे बसलो: सर, सुभेदार, मुलगा आणि मी. चार पर्याय बोलले गेले.

पहिला, जूनपर्यंत वेटलिफ्टिंग बंद. सुभेदारांना हा पसंत होता. भरतीपुरता विचार केला तर तो सर्वांत सरळ होता, हे मान्य करायला हवं. पण मुलगाच नाही म्हणाला. भरती झाली नाही तर वर्ष हातचं जाईल आणि खेळही, हा त्याचा मुद्दा होता. शिवाय गोळा आणि शंभर मीटर हे चांगले गुण देणारे विषय या जिममधूनच आले होते.

दुसरा, आहे तसं चालू ठेवायचं, शरीर सवय करून घेईल. नडगी दुखत असताना हा पर्याय नव्हताच.

तिसरा, इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत केलेले हेच वेगाचे तुकडे, सायकलवर करायचे. पळण्यापेक्षा सायकलमुळे उचलीचं नुकसान कमी होतं असं दिसलं आहे. टाच आपटत नाही, पोटरीवर मार बसत नाही. पण परीक्षा पायांनी पळून द्यायची आहे. नडगी आणि पोटरीला जमिनीचा मार सोसायची सवय लागली नाही, तर जूनमध्ये नेमकी तीच दुखावणार. हा पर्याय पहिल्या दोन आठवड्यांपुरता, नडगी बरी होईपर्यंत, घेतला.

चौथा, दोन्ही ठेवायचे पण वेगळे करायचे, आणि कशाला तरी कात्री लावायची. वाद पेटला तो कात्री कशाला यावर.

सरांना रिपिटेशन काढायची होती, कारण ती दिसायला भयंकर. माझं म्हणणं उलट होतं: रिपिटेशन ठेवा, पहाटेचे सहा किलोमीटर काढा. ती धाव हळू नव्हती आणि वेगवानही नव्हती. शिट्टीच्या भीतीने पोरं ती रोज धापा टाकत पूर्ण करत. सोळाशेच्या वेगाची सवय तिने लागत नव्हती, आणि पाय मात्र आठवड्यातले सहा दिवस थकलेले राहत होते. स्नॅच बिघडवणारी खरी तीच होती. सुभेदार बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘सहा आठवडं देतो. वेळ कमी नाही झाली तर पोरगं माझ्या रस्त्यावर परत.’

काय ठरलं

सगळ्यात आधी हवामानाने एक गोष्ट ठरवली. मार्चनंतर आमच्याकडे उन्हात इंटरव्हल शक्य नाहीत, म्हणून ते पहाटेच. जिमचा प्लॅटफॉर्म संध्याकाळी सहानंतर मोकळा, म्हणून उचल संध्याकाळीच. या दोन खुंट्यांमध्ये आठवडा बसवायचा होता.

सोमवार संध्याकाळ स्नॅच आणि पुल (बार नुसता वर ओढायचा, डोक्यावर न्यायचा नाही). मंगळवार पहाट लांब इंटरव्हल. बुधवार संध्याकाळ क्लीन अँड जर्क आणि स्क्वॉट. गुरुवार पहाट अर्धा तास हळू धाव. शुक्रवार पहाट छोटे इंटरव्हल. शनिवार संध्याकाळ पॉवर स्नॅच, पॉवर क्लीन (त्याच उचली, पण पूर्ण खाली न बसता), फ्रंट स्क्वॉट (बार पुढे खांद्यांवर घेऊन बैठक). रविवार सुट्टी.

यात एक निवड दडलेली आहे. इंटरव्हलनंतर पुढच्या उचलीपर्यंत छत्तीस तास मिळतात, पण सोमवारच्या उचलीनंतर मंगळवारच्या इंटरव्हलला जेमतेम अकरा. म्हणजे थकलेल्या पायांनी काय करायचं, स्नॅच की पळणं, तर पळणं. पाय जड असले तर चारशेची फेरी दोन सेकंद उशिरा येते आणि त्यातून दम वाढायचा तो वाढतोच. जड पायांनी मारलेली स्नॅच मात्र चुकीची हालचाल पक्की करते. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. त्याची भरपाई म्हणून सोमवारी स्क्वॉट ठेवला नाही.

उचलीत सेटची संख्या जवळपास निम्मी केली, वजन मात्र उतरवलं नाही. स्नॅच ८० ते ९० टक्क्यांत, एका वेळी एक-दोनच, दहा-बारा चांगल्या उचली झाल्या की बार खाली. बार पुढे गेला आणि पाय हलले की ती उचल धरायची नाही. दोनदा लागोपाठ झालं की त्या दिवसाची स्नॅच बंद.

मंगळवारची चढण हळूहळू ठेवली. फेब्रुवारीत ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ९६ सेकंद, मध्ये दोन मिनिटं चालणं. मग ९३, मग ९०. एप्रिलपासून ८०० चे तीन. मेअखेर ४०० चे पाच, ८४ सेकंदांत, मध्ये फक्त ९० सेकंद. अट एकच आणि ती त्याला सर्वांत जड गेली: पहिली फेरी ठरल्यापेक्षा लवकर संपवायची नाही. पहिल्या महिन्यात तो ९६ च्या जागी ८८ ला यायचा आणि सुभेदार त्याला शांतपणे सांगायचे, ‘ही धरली नाही, परत पळ.’ वेगाला लगाम घालणं हे काम त्यांच्याइतकं कुणी चांगलं केलं नसतं.

शुक्रवारी २०० चे आठ, ४० सेकंदांच्या आसपास, सैल पळत. गुरुवारची धाव बोलत बोलत पळता येईल इतकी हळू. अकॅडमीची पोरं त्याला हसायची. डांबर सोडून तिन्ही दिवस शाळेच्या मातीच्या मैदानावर, आणि उचलीचे कडक टाचेचे बूट जिममध्येच ठेवून पळायला मऊ तळाचे बूट.

खाण्यात फार शास्त्र केलं नाही. मंगळवारी पहाटे रिकाम्या पोटी पळणं बंद: निघण्याआधी केळं आणि चार खजूर, पळून आल्यावर लगेच भाकरी, उसळ, अंडी. वजन महिनाभरात ७३ वर आलं आणि तिथेच राहिलं.

द्राक्षं आली

फेब्रुवारीच्या अखेरीस सोळाशेची वेळ ६ मिनिटं २८ सेकंद. सुभेदारांची सहा आठवड्यांची मुदत संपायच्या आत. स्नॅच परत १०० वर स्थिर.

आणि मार्चमध्ये हंगाम. वडिलांच्या बागेत काढणी सुरू झाली, गाडी भरायला माणसं कमी. दुपारभर क्रेट उचलायचे, रात्री गाडी जाईपर्यंत जागायचं. हे कागदावरच्या कुठल्याच वेळापत्रकात नसतं. मंगळवारच्या फेऱ्या ९० वरून परत ९५ वर गेल्या, झोप पाच तासांवर आली.

इथे पुन्हा दोन वाटा होत्या. नेट लावून आठवडा पूर्ण करायचा, किंवा काहीतरी सोडायचं. आम्ही तीन आठवडे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार तिन्ही सोडले. राहिलं ते सोमवार, मंगळवार, बुधवार. एप्रिलच्या मध्याची वेळ ६ मिनिटं १० सेकंद आली. अपेक्षा सहाच्या आत येण्याची होती. पण दुखापत झाली नाही, आणि काढणी संपल्यावर दोन आठवड्यांत फेऱ्या झपाट्याने खाली आल्या.

मे महिन्यात वेटलिफ्टिंगची एक स्पर्धा होती. सरांना तो उतरायला हवा होता, मुलालाही. मधला मार्ग निघाला: स्पर्धेसाठी शरीराचं वजन न घटवता उतरायचं, सुरुवात हलकी. स्नॅचमध्ये ९२, ९७ गेले, १०१ पडला. क्लीन अँड जर्कला १२५. पदक नाही.

निकाल

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोळाशे ५ मिनिटं ४१ सेकंद. भरतीची मैदानी चाचणी राज्यभर १९ जूनपासून सुरू झाली, ऐन पावसात. त्याची तारीख महिन्याच्या शेवटी आली. मैदान ओलं, जागोजागी निसरडं, पायाला वेळ मोजणारी चिप बांधलेली. फेऱ्या ८४, ८७, ८९, ८६. एकूण ५ मिनिटं ४६ सेकंद, १६ गुण. पहिल्या चाचणीतल्या आणि या फेऱ्या शेजारी ठेवल्या की सहा महिन्यांचं काम दिसतं: तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या फेरीत ३९ सेकंदांचं अंतर, आता दोनचं.

गोळ्यात १५, शंभरात १२. मैदानाचे एकूण ४३.

उचलीचं म्हणाल तर जूनमध्ये स्नॅच १०१, क्लीन अँड जर्क १२८, स्क्वॉट १६०. सहा महिन्यांत चार, दोन आणि पाच किलोंची घट. भरतीनंतर पळणं आठवड्यातून एकदा ठेवलं आणि सप्टेंबरमध्ये त्याने १०७ आणि १३२ उचलले, दोन्ही त्याचे आजवरचे सर्वोत्तम. दमाचा उचलीला थेट फायदा झाला असं मी म्हणणार नाही. पण सेटच्या मधली विश्रांती त्याला कमी लागते आणि बुधवारचा शेवटचा जर्क आता पहिल्यासारखाच दिसतो, हे सरही मान्य करतात.

निवड झाली नाही. लेखीला तो पात्र ठरला, पण १०० पैकी जे गुण पडले त्याने नाव प्रतीक्षा यादीत गेलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिले चार आठवडे वाया गेले, ते वाचवता आले असते. अकॅडमी धरायच्या आधी सर आणि सुभेदार एकदा भेटले असते तर पुरे होतं. दोघांचीही वेळापत्रकं आपापल्या जागी बरोबर होती. एकाच शरीरावर दोन्ही चढली आहेत हे पाहणारा कुणी नव्हता.

मेमधल्या स्पर्धेबद्दल माझं आणि सरांचं एकमत नाही. त्यांच्या मते प्लॅटफॉर्मवर उतरल्यामुळे मुलगा लिफ्टर राहिला. माझ्या मते आधीचा आणि नंतरचा असे दोन मंगळवार त्यात गेले, तेही सोळाशे सर्वांत वेगाने सुधारत असताना. १६ चे १८ व्हायला सोळा-सतरा सेकंद हवे होते. दोन मंगळवारांनी तेवढं झालं असतं का, यावर दोघांनी पैज लावू नये इतपतच खात्री आहे.

द्राक्षांचा हंगाम डिसेंबरमध्येच कॅलेंडरवर दिसत होता. पुढच्या वेळी तो आधीच हलका महिना म्हणून धरायचा, म्हणजे एप्रिलच्या वेळेने कुणाचा विरस होणार नाही.

पण सगळ्यात मोठा मुद्दा आमच्या चौघांच्या बैठकीत आलाच नव्हता. आम्ही १६०० मीटरच्या २० गुणांवर सहा महिने खल केला. लेखीचे १०० गुण कुणाच्या वहीत नव्हते. पहाटे मैदान, दुपारी बाग, संध्याकाळी जिम, आणि मग रात्री नऊला गणित-बुद्धिमत्ता घेऊन बसलेल्या मुलाला पेंग येणारच. इंटरव्हल आणि उचल यांच्यात छत्तीस तास राखण्याची जी काळजी घेतली, तशी अभ्यासाच्या तासांची घेतली असती तर दोन-तीन उचली आणि एखादी धाव खुशाल सोडता आली असती. सोळाशेत आणखी दोन गुण मिळवायला जेवढा घाम लागतो, तेवढ्या वेळात लेखीचे दोन गुण खूप स्वस्तात पडतात.

पुढच्या भरतीसाठी त्याने आठवडा पुन्हा आखला आहे. सोमवार, मंगळवार आणि बुधवार जसेच्या तसे आहेत. गुरुवारची हळू धाव आहे. शुक्रवारी पहाटे तो तालुक्याच्या अभ्यासिकेत असतो. २०० चे इंटरव्हल काढून टाकले. सुभेदारांना हे पटलेलं नाही आणि ते दर आठवड्याला तसं सांगतात.